वरची वीतभर जाळी

“वर वीतभर मोकळं सोड,” आक्का म्हणाली.

“कशाला?”

“वारा नको व्हय कोंबड्यांना?”

“आणि थंडी? इथली थंडी ठाऊक आहे ना तुला? निफाडची आहे, तुझ्या सासरची येवल्याची नाही.”

“थंडीचं त्यांची आई बघंल. तू वारा सोड.”

मी पक्कड खिशात घातली आणि दोन पावलं मागं जाऊन बघितलं. खुराडं कमरेच्या वर आलं होतं. खाली तीन थर विटा, चार कोपऱ्यांना बागेतले जुने लोखंडी अँगल, त्यांना बागेचीच तार आणि तारेला बारीक जाळी. मी ज्यांच्या द्राक्षबागेत कामाला होतो त्या मालकांनी त्या साली जुनी बाग तोडली होती. गंजलेले अँगल त्यांनी मला फुकट दिले. एरवी अशा फुकटच्या मालाचं मी काहीतरी करायचं म्हणून ठेवतो आणि त्याच्यावर वेल चढतात. या वेळी मात्र आक्का डोक्यावर बसली होती.

“छताला पत्रा एकदम टेकवला तर दिसायला बरं दिसंल,” मी म्हणालो.

“तुला दिसायचं पडलं. मंगल कार्यालय बांधू राह्यला का तू?” ती हसली. “उंटावरचा शहाणा! वीतभर सोड म्हटलं ना.”

मी सोडली. पत्र्याच्या खाली चारही बाजूंनी वीतभर उंचीची नुसती जाळी आणि त्याच्या खाली लाकडी फळ्या. जाळी ताणायला आक्का एका बाजूनं धरायची, पण डाव्या हातानं नाही, कोपरात दाबून. तिचा डावा हात मनगटात वाकडा बसला होता. दिवाळीला भाऊबीजेसाठी आली तेव्हा हाताला फडकं होतं. “पाट्यावर पडले,” म्हणाली. माझ्या बायकोनं, इंदूनं, न्हाऊ घालताना तिची पाठ बघितली आणि मला चुलीपाशी येऊन एवढंच म्हणाली, “पाट्यावर पडून पाठीला पट्ट्याचे वळ उठत नाहीत.”

भाऊबीज झाली, तुळशीचं लग्न झालं, आक्का गेली नाही. दाजींचा दोनदा निरोप आला. घर आमचं दोन खोल्यांचं, पोरं तीन, हातावर पोट. मी काही वाईट माणूस नव्हतो. निदान तेव्हा मला तसं वाटत होतं. पण गावात लोक विचारायचे, “बहीण अजून इथंच का?” आणि मी बागेची वाट धरायचो. एका संध्याकाळी आक्काच म्हणाली, “निवृत्ती, मी तुझ्या ताटात जेवणार नाही. मला परसात दहा हात जागा दे. गावरान कोंबड्या करते. बाजारात गावरानाला केवढी मागणी आहे. पिलं विकायला आली की शाळेमागची खोली भाड्यानं घेईन.”

“आणि नाही जमलं तर?”

“जमंल.”

“नाही जमलं तर, आक्का?”

तिनं पदर खोचला. मग म्हणाली, “संक्रांतीला न्यायला येणार म्हणालेत ना ते? तवर बघ. कोंबड्या जगल्या तर त्यांना तूच सांग, येऊ नका म्हणून. नाही जगल्या तर मी मुकाट्यानं जाईन. तुला बोल लावणार नाही.”

मी “बरं” म्हणालो. असा हा करार, आणि तो मी केला. बहिणीच्या जिवाचा करार कोंबड्यांवर करणारा दुसरा भाऊ मी अजून बघितलेला नाही.

आक्काला स्वतःचं मूल नव्हतं. दोनदा दिवस राहून गर्भ पडला होता. सासू उठता-बसता ऐकवायची, हिच्या हाताखाली काही जगत नाही, लावलेलं रोपसुद्धा वाळतं. पहिल्यांदा हे सांगताना आक्का हसत होती. पण खुराड्याला शेवटची तार आवळली त्या दिवशी ती आत वाकून जमीन हातानं सारखी करत होती, आणि पाठमोरीच म्हणाली, “एकदा बघायचंय मला. खरंच जगत नाही का ते.”

कोंबड्या विकत घ्यायला पैसे नव्हते. त्या आल्या अर्धलीनं. आमच्याकडं शेळ्या-कोंबड्या अशा देतात: कोंबडी आणि अंडी देणाऱ्याची, सांभाळणं दुसऱ्याचं, पिलं मोठी झाली की निम्मी याची, निम्मी त्याची. शेजारच्या ठकूबाईनं पहिल्यांदा आपली खुडूक कोंबडी आणली. खुडूक, म्हणजे अंडी द्यायची थांबून उबवायला बसू पाहणारी. ठकूबाईनं दिली म्हटल्यावर आणखी चौघींनी दिल्या. अर्धलीला कागद लागत नाही. समोरच्याच्या हातावर भरवसा लागतो. आक्काच्या हातावर असा भरवसा कुणी टाकल्याचं ती पहिल्यांदाच बघत होती, त्यामुळं कोंबडी घेताना ती पदर पुढं करायची, ओटी घेतात तसा.

एकेकीखाली तेरा-तेरा अंडी बसवली. कुणाची कुठली ते कळावं म्हणून अंड्यांवर कोळशानं खुणा केल्या. एकवीस दिवस आक्कानं खुराड्यासमोर वाती वळल्या, धान्य निवडलं, इंदूची चोळी शिवली. सातव्या दिवशी प्रत्येक अंडं उन्हाला धरून बघितलं. इंदू म्हणाली, “वन्सं, आता त्या कोंबड्या उठल्या तर तुम्हीच बसाल त्यांच्या जागी.”

“बसंन की,” आक्का म्हणाली. “जड आहे म्हणून, नाहीतर बसलेच असते.”

मार्गशीर्षात पिलं निघाली. चौसष्ट. एकाच अंड्यातलं पिलू आत मेलं होतं, तेवढं सोडलं तर गावात कुणी ऐकला नव्हता असा तो हिशेब. ठकूबाई बघायला आली आणि कमरेवर हात ठेवून आक्काला म्हणाली, “गया, तुझ्या हाताला तर लईच गुण आहे गं.”

आक्का घरात गेली. मी मागोमाग पाणी प्यायला गेलो तर ती माठापाशी उभी राहून रडत होती. मला बघून म्हणाली, “जा ना तू बाहेर.” मी गेलो. इतकं बरं वाटलं होतं मला त्या दिवशी. मनात म्हटलं, दाजींना काय सांगायचं ते आता आपण ताठ मानेनं सांगू.

पौष लागला आणि थंडीची लाट आली. पारा चारावर गेला. ज्यांनी द्राक्षबागेत काम केलं नाही त्यांना ती थंडी म्हणजे काय ते कळणार नाही. भरत आलेले मणी थंडीनं तडकतात आणि वर्षाची मेहनत घडाला लटकलेली सडते. म्हणून पहाटे बागेत ओळीओळीतून शेकोट्या पेटवायच्या, ओला पाला टाकून धूर धरायचा, आणि वाऱ्याच्या बाजूला प्लास्टिकचा कागद ताणून बांधायचा, म्हणजे ऊब बाहेर जात नाही. त्या आठवड्यात मी पहाटे चार वाजता बागेत जायचो, उजाडल्यावर परत यायचो आणि भाकरी खाऊन दिवसाच्या कामाला पुन्हा बागेत. अंगाला, केसांना, भाकरीलाही धुराचा वास.

एका सकाळी तीन पिलं काकडून मेली. आक्कानं ती हातावर घेऊन ठकूबाईला दाखवली. ठकूबाई म्हणाली, “थंडी सोसंना त्यांना. घमेल्यात निखारे घालून ठेव संध्याकाळचं. वर राख टाक, म्हणजे सकाळपर्यंत टिकतील. वरून वारा आहे ना?”

“आहे ना. वीतभर सोडलाय की.”

तसं सुरू झालं. संध्याकाळी आक्का घमेलं आत ठेवायची, भोवती विटा रचायची, दाराला बारदान टाकायची. पुढचे चार दिवस एकही पिलू मेलं नाही. घमेल्याच्या भोवती कोंबड्या पंख फुगवून बसायच्या आणि पिलं त्यांच्या पोटाखालून डोकी काढायची. संक्रांत आठ दिवसांवर होती.

पाचव्या दिवशी सकाळी मी बागेतून आलो. परसातून हाक मारली, “आक्का!” ती चुलीपुढून राखेचे हात घेऊनच आली. खुराड्याचं दार उघडं होतं.

सगळी मेली होती. कोंबड्यासुद्धा. कुठं रक्त नाही, पिसं उडालेली नाहीत, मुंगूस आल्याची खूण नाही. पाचही कोंबड्या बसल्या जागी माना टाकून होत्या आणि पिलं त्यांच्या अंगाखाली होती. झोपेत उठवू नये असं वाटावं इतकं सगळं शांत होतं.

आक्का खाली बसली. तिनं एकेक पिलू बाहेर काढून मांडीवर ठेवायला सुरुवात केली. बराच वेळ तेच चालू होतं. मग ती म्हणाली, “घमेलं.”

मी घमेलं बाहेर ओढलं.

“निखारे जास्त झाले का रे काल? मीच भरले. काल थंडी जास्त होती म्हणून दोन पळ्या जास्त घातल्या.” तिनं माझ्याकडं बघितलं. “पण वरून तर उघडं आहे. वरून उघडं असताना कसं झालं रे?”

तिनं वर बघितलं. जाळी होती, वीतभर, चारही बाजूंनी. त्यातून सकाळचं ऊन आत येत होतं.

“निवृत्ती, तू सांग ना. तुला कळतं यातलं.”

“कोळशाचं असंच असतं,” मी म्हणालो. “कधी गॅस धरतो, सांगता येत नाही.”

ठकूबाई आली, बाकीच्या चौघी आल्या. कुणी भांडलं नाही. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. ठकूबाई आपली कोंबडी उचलून बघत म्हणाली, “मीच सांगितलं होतं घमेलं ठेव म्हणून. पण अगं, थोडे ठेवायचे ना निखारे. भट्टी लावतात का?” आणि लगेच, “जाऊ दे. नशीब असतं एकेकाचं.” दुसरी एक हळू आवाजात तिसरीला म्हणाली, “सासू काय खोटं बोलत नव्हती मग.” आक्कानं ते ऐकलं. मीही ऐकलं.

दुपारी तिनं एकटीनंच बांधाला खड्डा केला. मला फावडं धरू दिलं नाही.

त्यानंतरचे आठ दिवस ती जेवली, बोलली, पोरांच्या वेण्या घातल्या. फक्त परसात गेली नाही. पाणी तापवायचं असलं तरी इंदूला सांगायची. आमच्या धाकटीनं एकदा मांडीवर डोकं ठेवलं तर तिनं ते अलगद उचलून उशीवर ठेवलं.

संक्रांतीच्या आदल्या संध्याकाळी इंदू भाकरी थापत होती. आक्का पुढच्या खोलीत आपलं बोचकं बांधत होती. इंदू परातीत बघतच म्हणाली, “सांगा त्यांना.”

“काय?”

“काय ते तुम्हाला ठाऊक आहे. मी मोरीच्या खिडकीतून बघितलंय. अजून वेळ आहे, सांगा.”

आता मी ती सकाळ नीट सांगतो. हाक मारायच्या आधीची दहा मिनिटं मी वर सांगितली नाहीत.

आदल्या संध्याकाळी मी बागेतून निघताना प्लास्टिकच्या कागदाचा एक उरलेला तुकडा घरी आणला होता. बागेला ऊब लागते तर पिलांना नको का, असा माझा सरळ हिशेब होता. आक्का घमेलं ठेवून, बारदान टाकून भाकरीला बसली होती. मी परसात गेलो आणि पत्र्याखालच्या त्या वीतभर जाळीवरून कागद चारही बाजूंनी ओढून घेतला. बागेत बांधतो तसाच, खिळ्यांना तारेचे वेढे देऊन, कुठं सुरकुतीसुद्धा राहू दिली नाही. कागद पारदर्शक, त्यात अंधार पडलेला, कुणाला दिसणार? आक्काला सांगितलं नाही. सकाळी दाखवीन म्हटलं, कशी पिलं गरम राहिली ते. उंटावरचा शहाणा म्हणाली होती ना.

आणि सकाळी आलो तर आतून आवाज नाही. एरवी माझ्या पायांच्या चाहुलीनं चिवचिव सुरू व्हायची. बारदान उचलून दार उघडलं तर तोंडावर ऊब आली, बंद खोलीत असते तशी. कागदाला आतून घाम फुटला होता. मला कळायला वेळ लागला नाही. मी पक्कड काढली, तारा तोडल्या, कागद सोडवला, घडी घातली आणि गोठ्यातल्या क्रेटमध्ये बारदानाखाली सारला. तारेचे तुकडे वेचले. सगळे वेचले. आणि मग हाक मारली, “आक्का!”

चुकून झालं ते चुकून झालं. ते मला कुणीही माफ केलं असतं, तिनं तर लगेच केलं असतं. पण तारेचे तुकडे मी चुकून वेचले नव्हते.

“सांगतो,” मी इंदूला म्हणालो.

“कधी?”

“दाजी येऊ दे.”

दाजी सकाळच्या गाडीनं आले. पांढरा सदरा, हातात तिळगुळाचा पुडा. पोरांना जवळ घेतलं, मला “गोड बोला” म्हणाले, इंदूच्या चहाचं कौतुक केलं. बाहेरच्यानं बघितलं असतं तर म्हणाला असता, काय सुखी घर आहे. मी दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा मला ठकूबाई दिसली, त्या चौघी दिसल्या, गावात होणारं हसं दिसलं. आणि खरं सांगायचं तर आणखी एक गोष्ट दिसली. पुढची खोली मोकळी दिसली. पोरं तिथं पाय पसरून झोपलेली दिसली. हे मी इंदूलाही कधी बोललो नाही.

निघताना आक्का माझ्यापाशी आली. मी वाकून नमस्कार करायच्या आत तिनं उजव्या हातानं माझा दंड धरला.

“रागावू नको रे,” ती म्हणाली. “एवढं चांगलं बांधून दिलं होतंस. माझ्या हातानं वाया गेलं.”

दाजी पुढं चालू लागले होते. ती बोचकं काखेत मारून त्यांच्या मागं गेली. मी रस्त्यावर उभा राहून बघत होतो आणि इंदू दारात उभी राहून माझ्याकडं बघत होती.

याला आता बावीस वर्षं झाली. खुराडं मी दुसऱ्याच आठवड्यात मोडलं. आक्का माहेरी आली ती लग्नाकार्यापुरती, सकाळी येऊन संध्याकाळी जायची. समोरचे दोन दात गेले होते, विचारलं तर म्हणाली, कीड लागली. ती वाकडी चालायला लागली तेव्हा मी विचारलंच नाही. इंदू मागच्या वर्षी वारली. शेवटच्या दिवसांत तिला बोलवत नव्हतं, पण एकदा पाणी पाजताना माझं मनगट धरून म्हणाली, “आता तरी.”

म्हणून यंदा मी गेलो. दाजी तीन वर्षांपासून अर्धांगानं खाटेवर आहेत. आक्काच त्यांना भरवते, पुसते, कुशीवर वळवते. ओट्यावर बसून मी तिला सगळं सांगितलं. कागद, तारा, क्रेट, इंदूनं खिडकीतून बघितलं ते, सगळं. पुढची खोली मोकळी दिसली तेसुद्धा. कुठं थांबलो नाही. बोलताना रडू आलं, लाज वाटली नाही.

आक्का तांदूळ निवडत होती. ऐकताना तिचा हात थांबला नाही.

“झालं?” ती म्हणाली.

“आक्का, तू केलं नव्हतंस ते. मी केलं. तुझ्या हातानं तर चौसष्ट जगली होती.”

“कशाला असं बोलतोस रे? एवढ्या लांबून हे सांगायला आलास? मला बरं वाटावं म्हणून?”

“खरं सांगतोय.”

“लहानपणीसुद्धा तू असाच. घागर मी फोडायची आणि मार तू खायचास.”

“आक्का, इंदूची शपथ.”

“मेलेल्या माणसाची शपथ घालू नये.” आता तिचा हात थांबला. तिनं सूप बाजूला ठेवलं. आतून दाजी काहीतरी अस्पष्ट ओरडले, तिनं लक्ष दिलं नाही. “हे बघ निवृत्ती. या घरात मी सगळं सोसलं ते एका गोष्टीवर. माझ्या भावानं माझ्यासाठी एकदा काहीतरी बांधलं होतं. मार पडायचा तेव्हा मी ते आठवायचे. तू जाळी ताणू राह्यलास, मी धरू राह्यले. जन्मात माझ्यासाठी कुणी केलं ते तेवढंच. ते राहू दे ना मला.”

“आणि खरं?”

“खरं घेऊन मी आता काय करू?”

आतून पुन्हा आवाज आला. ती गुडघ्यावर हात टेकून उठली, “आले, आले,” म्हणत आत गेली. खाट करकरली. तिनं त्यांना कुशीवर वळवलं असावं. थोड्या वेळानं ती दारात आली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, “गाडी पाचची आहे. जेवून जा.”

मी जेवलो. तिनं वाढलं तेवढं सगळं खाल्लं.